खाज्या नाईक: गॅझेटिअर खरं की गाव?

"गॅझेटिअरमध्ये खाज्या नाईक शिक्षा झालेला गुन्हेगार आहे, आमच्या शिरपूरकडे तो वीर आहे. मग ब्रिटिशांनी त्याला दिलेली शिक्षा न्यायाची होती का?" असं तुम्ही विचारलंय. (खाज्या म्हणजे 1857 च्या उठावातला भिल्लांचा पुढारी, आणि गॅझेटिअर म्हणजे ब्रिटिश सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ.) मी धुळ्याला वकिली करतो, म्हणून आधी उलट विचारतो: कुठल्या गुन्ह्याची शिक्षा? तुमच्या प्रश्नात दोन प्रकरणं एकमेकांत मिसळली आहेत.

पहिलं 1857 च्या आधीचं. खाज्या तेव्हा सरकारी नोकरीत होता, सेंधव्याच्या घाटाच्या बंदोबस्तावर. त्याने पकडलेला एक संशयित मारहाणीत मेला आणि त्याला 10 वर्षांची सजा झाली. दुसरं नोव्हेंबर 1857 चं. सुमारे 7 लाखांचा सरकारी खजिना घाटात लुटला गेला. या दुसऱ्या प्रकरणात त्याच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही. 1860 मध्ये तो दगा होऊन मारला गेला. म्हणजे न्याय झाला का हे तपासायचं तर ते पहिल्याच प्रकरणात.

गॅझेटिअरचा खानदेशचा खंड 1880 चा. लिहिणारे सरकारी, आणि तोवर 20-22 वर्षं उलटलेली. तरी मी तो फेकून देत नाही. जागा, महिना, रक्कम यासाठी तो बराचसा भरवशाचा, कारण खजिन्याचा हिशेब वरच्या कचेरीला द्यावाच लागे. (वाटेतल्या कुणी आपला डल्लाही त्याच रकमेत घुसवला असेल, ही शंका वकिलाला येतेच.) माणसाचा हेतू आणि स्वभाव सांगू लागला की मात्र मी हात आखडता घेतो. गावच्या आठवणींचं उलटं. तारखेला त्या कच्च्या, पण भिल्लांच्या मनात काय सलत होतं ते तिथेच सापडतं.

सगळ्यात वजनदार पुरावा सरकारने स्वतःच्या विरोधात लिहून ठेवलेला. सजा पुरी होण्याआधी खाज्याला सोडलं आणि 1857 च्या धामधुमीत त्याच घाटावर परत नेमलं. सराईत गुन्हेगाराच्या हाती खजिन्याची वाट कुणी देतं का? यावरून तो निर्दोष होता असं मात्र ठरत नाही. सरकारला माणसं हवी होती आणि घाट त्याच्याइतका कुणाला माहीत नव्हता, एवढंच नक्की.

माझं मत विचाराल तर मारहाण झाली असावी. त्या काळच्या पोलिसांत ती रीतच होती. मद्रास इलाख्यात तर पोलीस आणि महसुली नोकरांच्या छळाची चौकशी करायला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1855 चा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालणार नाही, हा कायदाही 1861 चा. त्यामुळे त्याआधीच्या खटल्यात "कबूल केले" एवढंच दिसलं तर मी त्याला फारसं मोल देत नाही. पण गाव एक गोष्ट सोयीने गाळतं: मेलेला माणूसही इथलाच कुणीतरी होता. खाज्याला मोठं करायला त्या मेलेल्याला विसरायची गरज नाही.

11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली, त्याबद्दल मात्र मला दुमत दिसत नाही. लढाईनंतर पकडलेल्यांना जागेवरच लष्करी कोर्ट भरवून गोळ्या घातल्या, बायकांनाही कैद केलं, आणि हे इंग्रजांच्याच कागदांत आहे. दोन्ही बाजू एकच सांगतात, तिथे आणखी साक्षीदार कशाला?

स्वतः बघायचं असेल तर मुंबई सरकारने 1957 मध्ये छापलेला स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड आधी घ्या, मग मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याची दप्तरं मागवा. सूचीत "खाज्या" शोधून थांबू नका, इंग्रजी कागदांत तो "काजरसिंग" म्हणूनही येतो.