वसतिगृहातला फायर अलार्म सारखा वाजतो, म्हणून स्मोक डिटेक्टर काढून ठेवावेत का?

प्रश्न: धुळ्याला आमचं चार मजली मुलींचं वसतिगृह आहे. छताला वायरिंगवर चालणारे स्मोक डिटेक्टर आहेत. उन्हाळ्यात आणि मेसमध्ये स्वयंपाक सुरू असताना अलार्म उगाचच वाजतो, मुली घाबरून बाहेर येतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, त्रास देणारे डिटेक्टर काढून ठेवू, सर्टिफिकेट तर मिळतंच. काढावेत का? आणि आमचे आम्ही ते तपासू शकतो का?

उत्तर:

ताई, एकही काढू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात दवाखाने, लॉज, वसतिगृहं आणि जिनिंगमधल्या अलार्म सिस्टिमची देखभाल हेच माझं काम आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मी रोज ऐकतो. बहुतेक ठिकाणी वॉचमनचं उत्तर ठरलेलं असतं: ‘भाऊ, ते सारखं वाजस, म्हनीसन बंद करी टाकं.’

काढल्यावर काय होतं ते आधी सांगतो. चार मजली इमारतीत बहुधा साधी, झोनवाली (मजल्यागणिक भाग पाडलेली) सिस्टिम असते. पॅनेलपासून, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीपासून, दोन वायर निघतात आणि एका डिटेक्टरच्या बेसमधून (छताला पक्क्या बसवलेल्या बैठकीतून) दुसऱ्याच्या बेसमध्ये अशा पुढे जातात. बऱ्याच बेसमध्ये मधला एक डिटेक्टर फिरवून काढला की त्याच्या पुढची लाइन तुटते आणि पॅनेलवर पिवळा फॉल्टचा दिवा लागतो. तो दिवा घालवायला बेसमध्ये वायरचा तुकडा टाकून लाइन जोडून देतात. पॅनेल हिरवं दिसतं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि त्या खोलीवर कोणाचंच लक्ष उरत नाही.

आता डिटेक्टर उगाच का वाजतो, ते बघू. हल्लीचे बहुतेक डिटेक्टर ऑप्टिकल असतात. आत एक काळी, अंधारी कोठडी असते. तिच्यात एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक प्रकाश ओळखणारा भाग, दोन्ही एकमेकांसमोर येणार नाहीत अशा कोनात बसवलेले. धूर आत शिरला की प्रकाश त्याच्या कणांवर आपटून विखुरतो, थोडा त्या भागावर पडतो आणि डिटेक्टर वाजतो. पण धुराचा कण कोणता आणि धुळीचा कोणता, हे त्याला कळत नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे वावधान सुटलं की बंद खिडकीच्या फटीतूनही धूळ आत येते. जाळीतून शिरणारे बारीक किडे-कोळी, न्हाणीघराची वाफ, कूलरची दमट हवा थेट अंगावर येणं, ही बाकीची कारणं. म्हणजे उन्हाळ्यातल्या तुमच्या निम्म्या तक्रारीला साफसफाई हा इलाज आहे.

साफसफाईची पद्धत अशी. पॅनेलवर तो झोन आयसोलेट करा, म्हणजे तेवढा भाग तात्पुरता बंद ठेवा. डिटेक्टर डावीकडे फिरवून काढा आणि काढतानाच त्यावर खोलीचा नंबर लिहा, म्हणजे तो परत त्याच बेसवर जाईल. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ करा. ओलं फडकं, रॉकेल, थिनर अजिबात नको. डिटेक्टरवर रंगाचा ब्रश फिरला असेल तर तो बदला, रंगाने बुजलेली जाळी साफ होत नाही. धुळ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा, एवढं पुरतं. मागच्या लेबलवर तयार केल्याची तारीख असते. 10 वर्षं उलटली असतील तर साफ करत बसण्यापेक्षा नवीन घ्या. जुन्या इमारतीत आयोनायझेशन प्रकारचे निघाले, त्या लेबलवर किरणोत्सर्गाचं चिन्ह असतं, तर ते फोडू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. त्यात अमेरिशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. परत घ्यायला कंपनीला सांगा.

मेसचं वेगळं आहे. काळ्या मसाल्यासाठी कांदा-खोबरं भाजलं, भरताची वांगी शेगडीवर टाकली, की स्मोक डिटेक्टर वाजणारच. त्यात त्याचा दोष नाही, जागा चुकली आहे. स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर बसवतात, तो तापमानावर चालतो. बेस आणि पॅनेलशी जुळणारा त्याच कंपनीचा हीट डिटेक्टर मिळतो, वायरिंग बदलावं लागत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये मात्र स्मोकच ठेवा, फक्त दारापासून जरा लांब सरकवा. एसीची झडप किंवा कूलरचा झोत जवळ असेल तर किमान 1 मीटर अंतर हवं आणि भिंतीपासून अर्धा मीटर. कोपऱ्यात हवा फिरत नाही, धूरही उशिरा पोचतो.

वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली असेल, गाद्या नि जुनं सामान ठेवलेली, तर इथे खानदेशाचा ऊन्हाळा वेगळाच खेळ करतो. नेहमीचा हीट डिटेक्टर 57 अंश किंवा त्याच्या आसपास वाजतो. बाहेर 45 अंश असताना पत्र्याला लागून असलेली हवा त्या आकड्यापर्यंत सहज जाते, म्हणून तिथे जास्त तापमानाचा डिटेक्टर लागतो. स्मोक डिटेक्टरची अडचण याच्या उलट. पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचलेला असतो. कापूस किंवा गादी धुमसायला लागली की सुरुवातीचा धूर फार गरम नसतो; तो वर चढतो, त्या थराखाली अडकतो आणि आडवा पसरतो. डिटेक्टर वर, धूर खाली. अशा खोलीत काही डिटेक्टर खालच्या पातळीवर घ्यावे लागतात, नाहीतर आधी पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करून मग बसवावे लागतात. हे जागेवर येऊन बघणाऱ्यानेच ठरवायचं, फोनवर नाही.

तपासणी तुम्ही स्वतः जरूर करा. डिटेक्टरवरचा छोटा लाल दिवा मधूनमधून लुकलुकतो म्हणजे त्याला वीज मिळते आहे, इतकाच त्याचा अर्थ. धूर ओळखतो की नाही, हे धूर देऊनच कळतं. त्यासाठी टेस्टर स्प्रे मिळतो. अगरबत्ती किंवा बिडी लावून बघणारे पुष्कळ आहेत, पण त्याचा चिकट थर आत बसतो आणि पुढे तोच डिटेक्टर उगाच वाजतो. मुलींना आणि स्टाफला आधी सांगून स्प्रे मारा. दिवा स्थिर लाल झाला पाहिजे, हूटर वाजला पाहिजे, आणि पॅनेलवर त्याच मजल्याचा झोन दिसला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावर धूर दिला आणि पॅनेल तिसरा मजला दाखवतं, असं निघालं तर झोनची पाटी दुरुस्त करून घ्या. रात्री वॉर्डन चुकीच्या जिन्याने धावेल. प्लॅस्टिकची धूळ-टोपी अजून डिटेक्टरवर असेल तर तीही काढा. बांधकामाच्या वेळी घातलेल्या टोप्या कित्येक इमारतींत तशाच राहिलेल्या असतात.

मग सगळ्यात लांबच्या खोलीत जा, दार लावा, पंखा-कूलर सुरू करा आणि हूटर वाजवायला सांगा. झोपलेल्या माणसाला जाग यावी म्हणून उशाशी 75 डेसिबल आवाज पोचला पाहिजे. मोबाइलच्या ॲपवर साधारण अंदाज येतो. दमलेली मुलगी धुराच्या वासाने उठेल हा भरवसा धरू नका, आवाजानेच उठेल.

दोन गोष्टी पॅनेल उघडून बघायला लावा. पहिली, एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर, म्हणजे लाइनच्या टोकाला लावायचा छोटा रोधक. तो प्रत्येक झोनच्या शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये असायला हवा. त्याच्यामुळेच पॅनेलला कळतं, की लाइन टोकापर्यंत शाबूत आहे. काम उरकणारा माणूस तो पॅनेलमध्येच टर्मिनलवर पिळून टाकतो. मग मधे वायर कुठेही तुटली तरी हिरवा दिवा जात नाही. पॅनेलच्या झोन टर्मिनलवर दाण्याएवढा, रंगीत पट्ट्यांचा तुकडा दिसला (पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे असतील तर 4.7 किलो-ओम) आणि त्या झोनची वायर वर गेलेली असली, तर काम करणाऱ्याला लगेच विचारा, हा इथे का? खात्रीची परीक्षा सोपी आहे: शेवटचा डिटेक्टर काढा. फॉल्ट आला पाहिजे.

दुसरी, बॅटऱ्या. 12 व्होल्टच्या दोन सील्ड बॅटऱ्या असतात. आग लागली की बहुतेक वेळा आधी वीज जाते, म्हणजे खरी वेळ येते तेव्हा सिस्टिम बॅटरीवरच असते. उष्णतेने या बॅटऱ्या लवकर मरतात. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्या वॉचमनच्या केबिनी कशा तापतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पॅनेलचा मेन बंद करा, तसंच रात्रभर चालू द्या आणि सकाळी एक डिटेक्टर वाजवून बघा. हूटर कण्हला किंवा गप्प राहिला तर बॅटरी बदला. फुगलेली दिसली तर परीक्षेची वाट बघू नका.

राहिला सर्टिफिकेटचा मुद्दा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे उपाययोजना चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक एजन्सीचं फॉर्म ‘ब’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं असतं. एजन्सीचा माणूस येतो तेव्हा त्याच्यासोबत मजल्या-मजल्यावर फिरा, कोणता डिटेक्टर वाजवून बघितला ते रजिस्टरमध्ये लिहून घ्या. वर न चढता सही करत असेल तर एजन्सी बदला. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या वेबसाइटवर आहे.

9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूत किमान 11 जण गेले. झोपलेल्या, हलता न येणाऱ्या माणसांच्या इमारतीत पहिली काही मिनिटंच हातात असतात. मी हे काम करतो ते त्या मिनिटांसाठी.

आणि अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी. मुलींच्या वसतिगृहात रात्री जिन्याच्या जाळीला कुलूप लावतात. बाहेर पडायची दारं आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत, असं राष्ट्रीय इमारत संहितेतच आहे. बाहेरून बंद आणि आतून दांडी दाबली की उघडणारं लॅच मिळतं, तुमच्या फॅब्रिकेटरला सांगितलं तर तो बसवून देईल. डिटेक्टरची साफसफाई पुढच्या आठवड्यात केली तरी चालेल, कुलपाचं आज बघा.