सोपं करून सांगू नकोस

प्रिय मुली,

सीताबर्डीच्या गर्दीत उभ्या-उभ्या तू जे विचारलंस, त्याला मी धड उत्तर दिलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या वर्गातली आठवीची पोरं धडा घडाघडा वाचतात आणि 'काय कळलं?' म्हटलं की खाली बघतात, तेव्हा काय करायचं, हा तुझा प्रश्न. आत्ता तू तोच धडा सोप्या भाषेत सांगतेस. नको सांगूस.

वीस वर्षं मी तेच केलं. माझ्या नोट्सवर मुलं पास झाली, घरी पेढे आले. त्यांच्यातलाच काटोलकडचा एक जण पुढे शेतीची नोटीस घेऊन आला. म्हणाला, "सर, जरा सोपं करून सांगा ना." आणि मी त्याही दिवशी सांगितलं! कागद त्याच्या हातात परत द्यायला हवा होता.

पाठ्यपुस्तक उघडलं की संविधानाची उद्देशिका दिसते. मुलं ती म्हणतात, वाचत नाहीत. 'आम्ही'पासून 'अर्पण करीत आहोत'पर्यंत ते एकच वाक्य आहे. आधी शेवटचं क्रियापद शोधायला लाव. मग विचार, कोण अर्पण करतंय? कोणाला? 'स्वतःप्रत'पाशी गाडी अडेल. अडू दे. ती दोन मिनिटं तुला जड जातील, तरी तोंड उघडू नकोस. माझ्या वर्गात शेवटी एक पोरगी म्हणाली, "म्हंजे आपनच आपल्याले देऊन रायलो!" तिची बोली सुधारायला गेलो नाही, एवढं बरं केलं.

अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडणं, थोडक्यात सांगणं ही चार कामं हळूहळू मुलांच्याच हाती सोपवायची, ही पॅलिन्सर आणि ब्राउन या शिक्षण-संशोधकांची वाचन शिकवण्याबद्दलची १९८४ मधली मांडणी. पहिले काही दिवस मोठ्यानं विचार करत तू करून दाखव, मग बाजूला हो. तू बाजूलाच होत नाहीस, बाई! प्रश्न तुझे, सारांशही तुझा. पोरांनी नुसतं ऐकायचं?

पोर्शन मागे पडेल. माझाही पडला. पालक मुख्याध्यापकांकडे गेले, मला हटवादी म्हणाले. होतोच मी हटवादी, आणि त्यात माझं चुकलं असं आजही वाटत नाही. चुकलं ते आधीच्या वीस वर्षांत.

दमलीस की घरी ये, तर्री-पोहे खाऊ. पण सोपं करून सांगू नकोस. सोमवारी 'स्वतःप्रत'वर पोरं काय म्हणाली तेवढं कळव, त्यांच्याच शब्दांत.

तुझे सर