टोरांटोजवळ मार्चमध्ये मुलांना मेपल सिरप बनताना दाखवायला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की नुकतेच मिसिसागाला राहायला आलोय, मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, घरात सगळे शाकाहारी आहेत, तर एवढ्या थंडीत फक्त सिरप बघायला मुलांना घेऊन जाण्यासारखं असतं का, आणि जायचं तर कुठे.

जरूर जा. मी ११ वर्षं वॉटर्लू भागात राहतोय आणि जवळजवळ दरवर्षी जातो. फक्त एक ऐका: सुट्टी बघून दिवस ठरवू नका, पारा बघून ठरवा. रात्री उणे ५ च्या आसपास आणि दुपारी अधिक ५ च्या आसपास, असे दोन-तीन दिवस लागोपाठ दिसले की निघा. शुगर मेपलचं झाड रात्री गोठताना मुळांवाटे पाणी वर ओढतं, आणि दुपारी ऊन लागून खोडातला बर्फ वितळला की आत दाब तयार होतो. खोडाला भोक असेल तर त्यातून रस ठिबकू लागतो, आणि तोच आटवून सिरप करतात. रात्र गोठली नाही किंवा दिवस वितळला नाही, तर झाड गप्प बसतं. दक्षिण ओंटारिओत हा खेळ साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो, पण त्यातले खरे वाहते दिवस मोजकेच असतात.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मार्च ब्रेकमधल्या (शाळांची मार्चमधली सुट्टी) एका दिवसाची तिकिटं आम्ही तीन आठवडे आधी काढून ठेवली. त्या दिवशी दुपारीसुद्धा पारा उणे ९ वर. रस धरायला झाडांना लावलेल्या बादल्यांची झाकणं उचलून बघितली तर तोटीला बर्फाची कांडी लटकलेली, आणि रसच नाही म्हणून भट्टीही थंड. पॅनकेक खाल्ले, ट्रॅक्टरच्या गाडीतून एक चक्कर मारली आणि परत आलो. माझी मुलगी तेव्हा ५ वर्षांची होती. घरी येईपर्यंत ती विचारत होती, "झाडातून पाणी कधी येणार?" तिला उत्तर द्यायचं म्हणून दहा दिवसांनी परत गेलो, आणि तेव्हापासून हवामान बघूनच जातो. शक्य असेल तर तिकीट दोन-तीन दिवस आधीच काढा, त्याहून लवकर नको.

आता तिथे काय बघायचं ते. बहुतेक ठिकाणी वाटेच्या कडेला जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या बादल्या लावलेल्या असतात, आणि थोडं आत गेलात की झाडा-झाडांना जोडत गेलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या दिसतात. धंद्याचं खरं काम नळ्यांवर चालतं, त्या उतारावरून रस थेट टाकीत नेतात. मुलांना दोन्ही दाखवा, पण रेंगाळा बादलीपाशी. तिथल्या माणसाला विचारून तोटीचा एक थेंब त्यांच्या बोटावर घ्या. चव लागते जवळजवळ पाण्याची! मागाहून, अगदी शेवटी, कुठेतरी गोडी जाणवते. रसात साखर असते शेकडा २ भाग, आणि सिरपमध्ये ६६. म्हणजे साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला हे गणित तिथेच उभं राहून करायला सांगा. एक भोक अख्ख्या हंगामात साधारण तेवढाच रस देतं, म्हणजे दुकानातली लिटरभराची बाटली म्हणजे एका भोकाचा पूर्ण हंगाम.

झाडाला दुखत नाही का, हा प्रश्न मुलं विचारणारच. खोड निदान २५ सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय त्याला भोक पाडत नाहीत, आणि शुगर मेपल तेवढं व्हायला साधारण ४० वर्षं जातात. भोक बोटापेक्षा बारीक आणि जेमतेम पाच सेंटिमीटर खोल असतं. हंगाम संपला की तोटी काढतात आणि झाड जखम आतून बंद करून टाकतं. पुढच्या वर्षी जुन्या खुणेपासून दूर नवं भोक. नीट राखलेली झाडं पिढ्यान्‌पिढ्या रस देतात.

पण माझ्या मते या सगळ्या सहलीचा जीव रस आटवण्याच्या खोपटात असतो. त्याला इथे शुगर शॅक म्हणतात. छपराच्या मधोमध वाफ जायला मोकळी जागा ठेवलेली असते, त्यामुळे लांबूनच पांढरा लोट दिसतो. तो दिसला की समजायचं, आज काम चालू आहे. आत लांबट, कप्पे पाडलेली मोठी काईल असते. एका टोकाने कच्चा रस येतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचताना दाट होत जातो. लाकडाची भट्टी असेल तर आणखी छान, मुलांना ओंडका आत सरकवताना बघायला मिळतो.

तीन वर्षांपूर्वी माझे आप्पा कोल्हापूरहून आले होते. तरुणपणी गावच्या गुऱ्हाळावर त्यांनी पाच-सहा हंगाम काढलेत. जंगलात, बादल्यांपाशी ते नुसते खिशात हात घालून उभे होते, थंडी फार वाजत होती त्यांना. पण खोपटात शिरले आणि वाफ तोंडावर आली तशी त्यांनी कानटोपी काढली. पुढचा तास ते काईलीपासून हलले नाहीत. रस उतू यायला लागला तेव्हा तिथल्या माणसाने त्यात लोण्याचा इवलासा तुकडा टाकला आणि फेस झटकन खाली बसला. आप्पा म्हणाले, "आम्ही तेल सोडायचो." मग त्या माणसाने पळी बुडवून आडवी धरली. सिरप थेंबाथेंबाने पडायचं थांबून पळीच्या कडेला पडद्यासारखं लोंबायला लागलं की तयार झालं, अशी ती जुनी परीक्षा. आता थर्मामीटर असतो, पाणी जिथे उकळतं त्याच्या ४ अंश वर गेलं की काढायचं, पण पळी अजून बहुतेक जण बघतातच. तो माणूस थर्मामीटर वाचायच्या आत आप्पा मला म्हणाले, "आलं बघ. आता काढा म्हणावं." आणि खरंच, त्याने तोटी उघडली. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की हे आमच्याकडे उसाच्या रसाचं असंच करायचे. त्याने आप्पांना एका लहान कपात गरम सिरप दिलं. आप्पांनी घोट घेतला आणि म्हणाले, "काकवीच की. पण धुराची." परत येताना गाडीत ते ४० ला १ चाच हिशेब करत होते. उसाच्या रसात शेकडा पंधरा-वीस भाग गोडी असते, आणि ही माणसं दोन भागांसाठी एवढं जळण घालतात, याचा त्यांना फार आदर वाटला. (आता मोठे उत्पादक आधी यंत्राने रसातलं बरंचसं पाणी काढून घेतात आणि मगच उकळतात, त्यामुळे जळण पुष्कळ वाचतं.)

म्हणून मुलांना खोपटात किमान अर्धा तास थांबू द्या. बहुतेक कुटुंबं डोकावून फोटो काढतात आणि पॅनकेकच्या रांगेत जातात. तिथे उभं राहून प्रश्न विचारले की ती माणसं मनापासून सांगतात.

कुठे जायचं: मिसिसागाहून तुम्हाला सोयीचं म्हणजे ओकव्हिल-बर्लिंग्टनच्या मधलं ब्रॉन्टी क्रीक प्रोव्हिन्शियल पार्क, किंवा मिल्टनच्या पश्चिमेला माउंट्सबर्गचं राखीव निसर्गक्षेत्र. लहान मुलांसाठी मला माउंट्सबर्ग जास्त आवडतं, कारण तिथे ससाणे, घुबडं असे शिकारी पक्षीही जवळून बघायला मिळतात. तारखा दरवर्षी बदलतात, त्या जाण्याआधी बघून घ्या.

माउंट्सबर्गहून फार लांब नाही असं क्रॉफर्ड लेकही एकदा कराच. १९७० च्या दशकात त्या तळ्याच्या गाळात मक्याचे परागकण सापडले, त्यावरून जवळच एकेकाळी शेती करणाऱ्या लोकांचं गाव होतं हे कळलं. पंधराव्या शतकातल्या त्या गावातली लांबलचक घरं आता तिथे पुन्हा उभारली आहेत. मेपलच्या रसाची विद्या मुळात इथल्या मूळ रहिवाशांची. युरोपातले लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून ते भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरायचे आणि आटवून त्याची साखर करून ठेवायचे, कारण साखर टिकते आणि न्यायला सोपी. अनिशिनाबे लोकांकडे या दिवसांतल्या चांद्रमासाचं नावच साखरेचा महिना आहे. मुलांना हे आधी सांगा, पॅनकेक नंतर.

एल्मायरा गावचा मोठा मेपल सिरप उत्सव आमच्या घराजवळच. १९६५ पासून चालू आहे, एकाच शनिवारी भरतो आणि प्रचंड गर्दी असते. जत्रा म्हणून मजा येते, सफरचंदाच्या चकत्यांची गरमागरम भजी मिळतात (गोड असतात, दालचिनी लावलेली). पण ६ वर्षांच्या मुलाला रस आटवणं दाखवायचं असेल तर पहिल्या खेपेला तिथे नेऊ नका.

शाकाहाराचं. पॅनकेक बहुतेक ठिकाणी मिळतात, पण पिठात अंडं असतं. तुम्हाला चालत नसेल तर घरून पोळीभाजीचा डबा न्या, बसायला बाकं असतात. बीन्स दिसल्या तर विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस किंवा चरबी असते. पुढेमागे क्विबेकला गेलात (जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास सिरप तिथलं) तर तिथल्या काबान आ स्युक्रमधल्या (शुगर शॅकचंच फ्रेंच नाव) जेवणात वाटाण्याच्या सूपपासून सगळ्यात हॅम असण्याची शक्यता धरूनच चाला. लोण्याच्या त्या तुकड्याचं मात्र तुम्हाला काही वाटणार नाही. आणि बर्फावरची टॅफी मुलांना नक्की द्या: सिरप ११२ अंशांच्या आसपास चढवून स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खातात. आपला गोळीबंद पाक, फक्त बर्फात पाडलेला.

कपड्यांपेक्षा बुटांची काळजी जास्त घ्या. रस वाहतो तो दिवस म्हणजे बर्फ वितळण्याचा दिवस, त्यामुळे वाटेवर घोटाभर चिखल असतो. पाणी न शिरणारे बूट, मोज्यांचे दोन जादा जोड आणि गाडीत एक जुनी चादर. स्ट्रोलर नेऊ नका. दोन-अडीच तास पुरतात, त्यानंतर मुलं कंटाळतात.

सिरप घेताना बाटलीवर मेपल सिरप असं लिहिलंय का बघा. पॅनकेक सिरप किंवा टेबल सिरप लिहिलं असेल तर तो मक्याच्या साखरेचा पाक असतो. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी आणि चवीला हलकं, शेवटचं गडद. मी गडद घेतो, पुरणपोळीवर आणि नाचणीच्या आंबिलीत तेच उठून लागतं. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वर बुरशी धरते.

आणि फार थांबू नका. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास यायला लागतो आणि थोड्याच दिवसांत तोट्या निघतात.