सायलेन्सर मोकळा केला की चढाला पिकअप मिळतो का?

पावसाळा सरला आणि घाटमाथ्यावरच्या लाल मातीच्या वाटा सुकायला लागल्या की डर्ट बाईकवाल्यांची पत्रं वाढतात. यावेळी जवळजवळ सगळेच प्रश्न एक्झॉस्टचे, म्हणजे जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाईप-सायलेन्सरचे आलेत म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : दादा, माझी एक्सपल्स २०० फोर व्ही आहे. आम्ही मित्र मसाई पठार, जोतिबाच्या मागच्या कच्च्या वाटा अशा करत असतो. दगडगोट्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास आलं की गाडी दम सोडते, सारखा क्लच मारायला लागतोय. एक दुकानदार म्हणतोय पूर्ण फ्रीफ्लो (मोकळ्या वाटेचा) एक्झॉस्ट घाल, खालची ताकद लगेच वाढेल. पंधरा हजार सांगितलेत. घालू का? — एक वाचक, फुलेवाडी

भावा, पंधरा हजार आत्ता खिशातच ठेव. तुझ्या गाडीचा कंपनीचा आकडा बघ, टॉर्क १७.३५ न्यूटन मीटर पण तो ६,५०० आरपीएमला, आणि ताकद १९.१ पीएस ती ८,५०० ला. म्हणजे हे इंजिनच वरच्या आरपीएमला खुलणारं आहे आणि तू त्याच्याकडं तीन हजाराला चढ ओढायचं काम मागतोयस, तिथं ते दमणारच की. एक्झॉस्टनं यात फरक पडतोय का, तर पडतोय, पण दुकानात फ्रीफ्लो म्हणून जे टांगलेलं असतंय त्यातलं बहुतेक नेमकं उलट्या दिशेनं जातंय.

कसं ते नीट सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की कुणी फसवू शकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला गॅस तर बाहेर पडतोच, पण त्याच्या पुढं दाबाची एक लाट बेंड पाईपमधनं, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाईपमधनं, सुसाट जाते. पाईप जिथं एकदम रुंद होतोय, म्हणजे सायलेन्सरचं तोंड आलं की, ती लाट उलटी फिरते आणि येताना ओढ घेऊन येते, म्हणजे दाबाच्या जागी व्हॅक्यूम. ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमकी त्या क्षणाला पोचली पाहिजे जेव्हा एक्झॉस्ट बंद होत आलेला असतोय आणि इनटेक (ताजं मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडायला लागलेला असतोय. तसं झालं तर उरलेला जळका गॅस ती खेचून नेते आणि ताजं मिश्रण आपोआप आत ओढलं जातंय, सिलिंडर चांगला भरतोय, टॉर्क वाढतोय. पण हा मेळ एका ठराविक आरपीएमच्या आसपासच बसतो. पाईप लांब असला तर लाटेला जाऊन यायला वेळ लागतो म्हणून मेळ कमी आरपीएमला बसतो, पाईप आखूड असला की वरच्या आरपीएमला. जाडीचंही तसंच. उसाला पाणी पाजताना अरुंद सरीतलं पाणी कसं पळत जातंय आणि रुंद पाटात तेच पाणी पसरून रेंगाळतंय, तसं कमी आरपीएमला गॅस थोडा असतोय, तो पळता ठेवायचा तर पाईप बारीक पाहिजे. जाड पाईप वर, फुल थ्रॉटलला कामाचा.

म्हणून ते "थोडा बॅक प्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो" म्हणतात ना, ते अर्धवट खरंय. पिकअप जातो हे खरं, पण कारण दुसरंच. बॅक प्रेशर म्हणजे गॅसच्या वाटेतला अडथळा, तो तुझ्या इंजिनाला नको असतो. मोठा मोकळा पाईप लावल्यावर गॅसचा वेग मेला आणि लाटेचं टायमिंग बिघडलं म्हणून खालची ताकद जाते.

आता हिशोबाला ये. ट्यूनिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून पिस्टन वर टोकाला येईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो तो आकडा घ्यायचा, त्याला ८५० नं गुणायचं, पाहिजे त्या आरपीएमनं भागायचं आणि ३ वजा करायचे, येईल तेवढे इंच व्हॉल्व्हपासून पाईपची लांबी. तुझ्या गाडीचा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) आकडा मी धरत नाही, उदाहरणाला २४० अंश घेऊ. ८,५०० आरपीएमला लांबी येते २१ इंच. ६,००० ला ३१ इंच. आतला व्यास काढायचाही असाच ठोकताळा आहे, २०० सीसीला पहिल्या पाईपचा साधारण ३१ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा २६. म्हणजे अडीच हजार आरपीएम खाली यायचं तर पाईप दहा इंच लांब आणि पाच मिलिमीटर बारीक. आणि तुझ्या तीन हजाराला काढून बघ, ६५ इंच! साडेपाच फुटाचा बेंड पाईप गाडीवर कुठं गुंडाळणार तू? हेच मला सांगायचंय, की पाईपनं पाच-सहा हजाराच्या पट्ट्यात गाडी भरीव करता येते, तीन हजाराला जादू होत नाही. दुकानदार जो आखूड आणि जाड पाईप दाखवतोय तो तर नऊ हजाराला पळवायचा आहे, तुझ्या चढाला तो आत्तापेक्षा वाईट वागेल, फक्त आवाज मोठा असल्यामुळं ताकद वाढल्यासारखं वाटेल.

तुझं दुखणं गिअरिंगचं आहे आणि ते फार कमी पैशात सुटतंय. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) एक दात कमी कर. समजा १३ दातांचं आहे आणि तू १२ चं घातलंस, तर चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये ८ टक्क्यांनी वाढतोय, आणि त्याच स्पीडला इंजिन ८ टक्के जास्त आरपीएमवर राहतंय म्हणजे दमायच्या जागेपासनं आपोआप लांब. इंजिनाच्या टॉर्कमध्ये ८ टक्के वाढ नुसत्या पाईपनं काढणं लई अवघड असतंय. बदल्यात हायवेला टॉप स्पीड तेवढाच कमी होईल, पुण्याला जाताना इंजिन जरा ओरडेल, आणि छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते म्हणून ती आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर झिजते, त्यावर लक्ष ठेव. आणि हे करायच्या आधी एअर फिल्टर काढून बघ हां. ऊसतोडीच्या दिवसात ट्रॅक्टरच्या मागं धुरळा खात फिरलेल्या गाड्यांचे फिल्टर मी बघितलेत, त्यातनं इंजिन श्वास घेणार कसा. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली फट) तपास, सारखा क्लच मारतोयस म्हणजे प्लेटा पण बघून घे, घसरणारा क्लच आणि कमी टॉर्क बसल्या जागी सारखाच वाटतो.

एवढं सगळं करून पण पाईप करायचाच असेल तर कर, मी अडवत नाही, मला स्वतःला चांगला बनवलेला बेंड पाईप बघायला आवडतो. पण तयार न घेता आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जा. ज्या गावात फौंड्री आणि लेथवर आख्ख्या देशाच्या गाड्यांचे पार्ट निघतात तिथं एक पाईप नीट करून देणारा कारागीर मिळणार नाही असं होत नाही. स्टेनलेस ३०४ चा पाईप, आर्गन वेल्डिंग, आणि बेंड मारताना पाईप आत चेपला नाही पाहिजे, चेपला की तिथंच गळा आवळला. वेल्डिंगचा मणी आतल्या बाजूला आला असेल तर घासून सपाट करायला लाव. ऑक्सिजन सेन्सरची जागा मूळच्या अंतरावरच ठेव. काही मोटोक्रॉस गाड्यांच्या बेंड पाईपला मध्येच एक फुगवटा असतोय बघ, तो शोभेचा नसतो, तिथनं लाटेचा थोडा भाग आधीच परततो, त्यानं मधली ताकद सपाट होते आणि आवाजही थोडा उतरतो. ते मात्र अंदाजानं करायचं काम नाही. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढायचा नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीचा तो काढणं बेकायदेशीर आहे आणि तुझ्या चढाला त्यानं काही मिळतही नाही.

प्रश्न : आरएक्स १०० डर्टसाठी तयार केली आहे, टायर, हँडल सगळं बदललं. चेंबर (टू स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाईप) बनवून घेतला तर गाडी वर पिसाट पळते पण कोपऱ्यातनं बाहेर येताना अगदी मेलेली असते. चेंबर बदलू की कार्बोरेटर? — वाचक, गडहिंग्लज

तुझा चेंबर वरच्या आरपीएमचा झालाय, कार्बोरेटरचा दोष नाही.

टू स्ट्रोकला चेंबर दोन कामं करतो. पाईप हळूहळू रुंद होत जातोय त्या भागातनं ओढीची लाट परत येते, ती जळका गॅस बाहेर काढते आणि नादात थोडं ताजं मिश्रण पण पाईपमध्ये ओढून नेते. मग पुढं चेंबर परत निमुळता होतोय, त्या सुळक्यावर आपटून दाबाची लाट येते आणि ते बाहेर सांडलेलं मिश्रण पोर्ट (सिलिंडरचं एक्झॉस्टकडचं तोंड) बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये परत कोंबते. व्हॉल्व्ह नसलेल्या इंजिनात हेच व्हॉल्व्हचं काम करतंय, म्हणून टू स्ट्रोकला पाईपनं जेवढा फरक पडतोय तेवढा फोर स्ट्रोकला कधीच पडत नाही. इथंही लांबीचा हिशोब आहे : पोर्ट उघडा राहतो ते अंश गुणिले १,७००, भागिले आरपीएम, की पोर्टपासून सुळक्याच्या मध्यापर्यंतचे इंच. समजा पोर्ट १८० अंश उघडा आहे, तर ८,००० आरपीएमला सव्वाअडतीस इंच आणि ७,००० ला पावणेचव्वेचाळीस. एक हजार खाली आणायला साडेपाच इंच लागतात. शिवाय सुळका जितका उभट आणि आखूड तितकी ताकद एका टोकाला एकदम येते आणि मग संपते, तो लांब निमुळता ठेवला की ताकद पसरते. तुझ्या गाडीला पसरलेलीच पाहिजे, मूळ इंजिनचा जोर ७,५०० ला ११ पीएस होता, त्याच्या वर नेऊन कोपऱ्यात काय मिळवणार? शक्य असेल तर पोर्टच्या तोंडापासचा पाईप लांबवून आधी ट्राय कर, अख्खा चेंबर मोडायच्या आधी त्यातच फरक कळेल.

शेपटीचा बारीक पाईप मात्र छोटा करू नको. खालची ताकद वाढवायला म्हणून काहीजण तो आवळतात, मग गरमी आत कोंडते आणि पिस्टनला भोक पडतंय. चेंबरच्या पोटाला दगडाचा मोठा पोचा पडला असेल तर तो पण काढून घे.

कार्बोरेटरचं एकच सांगतो. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतनं पण ते इथेनॉल जातंय. चांगलंच आहे, पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) गाडी लीन चालते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर ते बऱ्यापैकी सांभाळून घेतो, कार्बोरेटर घेत नाही. टू स्ट्रोकला लीन म्हणजे सीझ, पिस्टन अडकून इंजिन जाम. चेंबर बसवल्यावर मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात कर, प्लग काढून रंग बघत खाली ये. पांढरा प्लग दिसला तर थांब, तपकिरी आला की बरोबर.

प्रश्न : ताई, तुम्हीच सांगा, गाडीला स्लिप ऑन सायलेन्सर (बेंड पाईप तोच ठेवून नुसता मागचा बदललेला) बसवल्यापासनं थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. मित्र म्हणतात भारी वाटतंय. हे नॉर्मल आहे का? — कॉलेजची विद्यार्थिनी, राजारामपुरी

(उत्तर आमच्या सहकारी ताईंचं) नाही गं, नॉर्मल म्हणून सोडून देऊ नकोस. बहुतेक वेळा जोडाच्या गॅस्केटमधनं हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल गरम पाईपमध्ये त्या हवेनं पेटतं आणि तोच फट आवाज. गॅस्केट नवीन घाल, क्लॅम्प गार असताना आवळ. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली तर सेन्सर फसतो, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, आणि अ‍ॅव्हरेज पडतं. गळती नसेल आणि तरी वाजत असेल तर मग लीनच आहे, ट्यूनिंगवाल्याकडं जा. नुसत्या स्लिप ऑननं ताकद जवळजवळ काहीच वाढत नाही, वजन मात्र उतरतं, तेवढा फायदा खरा आहे.

प्रश्न : मोठ्या आवाजाला दंड किती? ट्रॅकपर्यंत गाडी चालवत नेली तर चालते का? — वाचक, कागल

ट्रॅकवर चालवायचा सायलेन्सर लावून गाडी रस्त्यानं न्यायची नाही, टेम्पोत घालून न्या आणि तिथं जाऊन लावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. गाडीत परस्पर बदल केल्याचं कलम ५२ वेगळं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांतली माणसं आपल्याला त्यांच्या बांधावरनं जाऊ देतात ती चांगुलपणानं. पहाटे त्यांच्या दारातनं मोकळा पाईप फोडत गेलात तर पुढच्या रविवारी वाटेवर काटे टाकलेले असतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. सायलेन्सरमधलं ग्लासवूल (आवाज शोषणारा काचेचा कापूस) जळून गेलं असेल तर नवीन भरा, जाळीच्या पाईपभोवती घट्ट पण कोंबून नाही, आवाज लगेच खाली येतोय आणि ताकदीला काही धक्का लागत नाही.