नोकरी गेली म्हणून रविवार चुकवू नकोस

नोकरी गेल्यापासून तू चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला येत नाहीस. लोक काय विचारतील, ही धास्ती मला कळते. तरी ये. मागच्या बाकावर बस, गीत म्हणवत नसेल तर नुसतं ऐक.

प्रार्थनेत गोड बोलायलाच हवं असं कुठेय? बायबलमधलं स्तोत्र 13 काढ. सहाच वचनं आहेत, ऐरोली ते रबाळे लोकलमध्ये वाचून होतात. स्तोत्र रचणारा दावीद राजा सुरुवातीलाच देवाला विचारतो, कुठवर विसरणार मला? कुठवर, कुठवर, असं चार वेळा. शेवटी तो गातो, पण आधी मनातलं सगळं बोलून घेतो. तूही तसंच बोल. 'विश्वास कमी पडला म्हणून असं झालं' असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही असंच काहीसं बोलले आणि देवाने त्यांनाच दोष दिला.

घराचा हप्ता थकला असेल तर पाळकसाहेबांना स्पष्ट सांग. प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहिलं, त्यात त्यांनी पाठवलेल्या मदतीची पोच आहे. प्रेषिताला मदत घ्यायला संकोच वाटला नाही, मग तुला का वाटावा? महाप्यात, तुर्भ्यात कामाला असणारे आपल्या मंडळीत बरेच आहेत. येताना बायोडेटाच्या चार प्रती आण.