कुळागरातला काळा दगड

प्रश्न : कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) विहीर खणताना बारा हातांवर काळा, पापुद्र्यांनी सुटणारा दगड लागला. हातात धरला की बोटं काळी होतात. पुतण्या म्हणतो, हा ऑइल शेल आहे, जमिनीखालीच तापवून यातून तेल काढता येतं. खरं का? तुकडा सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, वाळपई (गोवा)

उत्तर : तुकडा कागदावर ओढून पाहिला. पेन्सिलीसारखी रेघ उठली. हा कार्बनयुक्त फिलाइट, म्हणजे दाबानं आणि उष्णतेनं बदललेला पापुद्र्यांचा खडक. डिचोली भागातल्या खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून नोकरी केली, तेव्हा लोहखनिजाच्या शेजारी हा थर कितीतरी वेळा हाताखालून गेला. आपले हे खडक अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे. जमिनीच्या पोटात ते इतके दाबले आणि भाजले गेले, की त्यांतल्या सेंद्रिय द्रव्याचं केव्हाच ग्राफाइट झालं, पेन्सिलीत असतं तेच. त्यातून तेल निघायचं नाही.

खऱ्या ऑइल शेलमध्येही तयार तेल नसतं. असतं केरोजेन, तेल होण्याआधीच थांबलेलं घट्ट द्रव्य. दगड भट्टीत पाचशे अंशांच्या आसपास तापवला की त्याची वाफ होते, ती थंड केली की तेल. एस्टोनियात तो सरळ जाळून वीज करतात.

पुतण्यानं वाचलं असेल ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं. तिथं ‘शेल’ (Shell) या तेलकंपनीनं बोअर मारून आत विजेचे हीटर सोडले. दगड साडेतीनशे अंशांच्या आसपास काही वर्षं तापत ठेवायचा, असा बेत. एका छोट्या चाचणीत सुमारे १,७०० पिंपं तेल आलंही. अडचण भूजलाची. पाणी आत शिरलं तर उष्णता खाऊन टाकतं, आणि तेल पाण्यात गेलं तर आसपासचं पाणी नासतं. म्हणून भोवताली नळ्यांतून अतिथंड द्रव फिरवून जमिनीतच बर्फाची भिंत गोठवून पाहिली. आत तापवायचं, बाहेर गोठवायचं, दोन्हीला वीज! २०१३ मध्ये कंपनीनं तिथलं काम सोडलं.

ती बर्फाची भिंत माझ्या मनातून जात नाही. आमच्या गावाजवळचा खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली उतरला, तेव्हा रात्रंदिवस पंप चालत. आईच्या विहिरीत मार्चमध्येच कळशी तळाला घासू लागली. ते पाणी अडवायला कुणी काही बांधलं नाही.

पुतण्याची खात्री पटवायची तर एक तुकडा चुलीत टाका. चांगला ऑइल शेल रॉकेलसारखा वास सोडतो, कधी पेटतोही. तुमचा नुसता तापेल. आणि पावसाआधी विहिरीला चिऱ्यांचं कडं बांधून घ्या. हा थर भिजला की पापुद्रे सुटून आत ढासळतो.