कच्चा डेटा : आज की वर्षभराने?

प्रश्न : संशोधनाला पैसा बहुतेकदा जनतेचाच असतो. मग मोजमापं हाती आली की त्याच दिवशी खुली का करत नाहीत? शोधनिबंध येईपर्यंत आकड्यांवर कुणी हात फिरवला नसेल कशावरून?

उत्तर : हात फिरवला जाऊ नये याचा बंदोबस्त त्याच दिवशी करता येतो आणि त्यासाठी डेटा खुला करावा लागत नाही. मूळ फाइल ‘फक्त वाचन’ करून ठेवायची, तिचा एसएचए-256 चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढायचा आणि प्रत झेनोडोसारख्या संशोधनाच्या फाइली जपणाऱ्या ऑनलाइन भांडारात जमा करायची. फाइल कोणत्या तारखेला खुली होणार हे तिथे आधीच ठरवता येतं. तोवर फाइल बंद, पण नोंद सर्वांना दिसते. चेकसम त्या नोंदीच्या वर्णनातच लिहून टाकावा. पुढे एक बाइट जरी बदलला तरी तो जुळणार नाही.

राहिला खुलं करण्याचा मुहूर्त. मानवी जीनोम प्रकल्पाने 1996 साली बर्म्युडात ठरवलं, की डीएनएच्या 1,000 अक्षरांहून लांब जुळवलेला क्रम 24 तासांत जाहीर करायचा. ते निभलं, कारण सगळे मिळून एकच काम करत होते. जेम्स वेब दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळवणाऱ्यांना मात्र सहसा 12 महिने राखून मिळतात. आमच्या मते हे रास्त आहे, नाहीतर निरीक्षण आखणाऱ्या तीन जणांच्या गटाला मोठा गट आठवड्याभरात मागे टाकेल. पण मुदत संपली की डेटा खुला, मग निबंध निघो न निघो! साथीत तर एक दिवसही थांबू नये. जानेवारी 2020मध्ये नव्या कोरोना विषाणूचा जीनोम खुला झाला आणि काही दिवसांतच त्यावरून चाचणी आखली गेली.

प्रश्न : म्हणजे फाइल अपलोड केली की काम झालं?

उत्तर : तिथेच तर घोळ होतो. दुर्बिणीच्या सीसीडी कॅमेऱ्याची (प्रकाश चिपवर टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) कच्ची फ्रेम उघडलीत तर त्यात ताऱ्यांबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचा पायाभूत आकडा, उष्णतेने साठलेले इलेक्ट्रॉन आणि फिल्टरवरच्या किंवा सेन्सरच्या काचेवरच्या धुळीची गोल वलयंही असतात. वैश्विक किरणांचे पांढरे ठिपके वेगळेच, अनोळखी माणूस त्यांनाच नवे तारे समजतो. म्हणून सोबत बायस फ्रेम (शून्य एक्स्पोजरची, पायाभूत आकड्यासाठी), तितक्याच एक्स्पोजरच्या नि तापमानाच्या डार्क फ्रेम (प्रकाश बंद ठेवून घेतलेल्या, उष्णतेच्या इलेक्ट्रॉनसाठी) आणि प्रत्येक फिल्टरची फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाची, धुळीच्या वलयांसाठी) द्यावीच लागते. त्याच जागेच्या तीन तरी फ्रेम असतील तर मध्यक काढल्यावर ठिपके जातात.

तक्ता असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), यूटीएफ-8 या सर्व लिप्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात. प्रत्येक स्तंभाचं एकक लिहा आणि न मिळालेली नोंद रिकामी ठेवा. -999 लिहिलं की कुणीतरी ते सरासरीत धरतंच. एक्सेलमधून फिरवू नका : ‘सेप्ट2’ या जनुकाचं एक्सेल ‘2 सप्टेंबर’ करायचं, शेवटी जनुकाचंच नाव ‘सेप्टिन2’ करावं लागलं.

माणसांचा डेटा असेल तर नुसती नावं खोडून भागत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरूनही माणूस सापडतो. जन्मतारखेऐवजी वयोगट द्या. आरएनए सिक्वेन्सिंगच्या (पेशीतल्या आरएनएची अक्षरं वाचून कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजण्याच्या) कच्च्या फाइलींत तर त्या व्यक्तीचे जनुकीय फरकच असतात, त्यामुळे त्या परवानगीने उघडणाऱ्या भांडारात ठेवाव्यात आणि जनुकनिहाय मोजणीचा तक्ता तेवढा खुला करावा.